फळी मोडायला गेले, त्याची हकिकत

आठ दिवस जुन्नर-आंबेगावकडे जाऊन आले म्हटल्यावर बार्शीत जो भेटतो तो विचारतो, ओझर झालं का, भीमाशंकर झालं का. ओझर झालं, तेही घाईत. भीमाशंकर राहिलं. ते डोंगराच्या वर होतं आणि मी खाली एका ओढ्याच्या काठी बसून होते. मग इतके दिवस केलं काय, असं विचारलं की मी सांगते, फळी मोडली. लोक माझ्याकडे बघतात आणि मग सुनेकडे बघतात. म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

माझी शाळा सातवीपर्यंत. पण सिमेंट मला कळतं. बार्शीत आमचं आवार होतं. जाळ्या, कुंड्या, दाराच्या चौकटी, जनावरांच्या गव्हाणी, असलं सगळं साच्यात ओतून करायचं. आमचे हे गेल्यावर चौदा वर्षं ते मी एकटीनं चालवलं. माल कालवायचा, साचा भरायचा, दुसऱ्या दिवशी सोडवायचा आणि मग पाणी मारत राहायचं. शिकवलं कुणी नाही. जे फुटलं ते का फुटलं याचा विचार करत बसले, तेवढीच माझी शाळा.

धाकट्या बहिणीची मुलगी मेघना पुण्यात इंजिनिअर आहे. ती सिमेंटमध्ये लोखंडाऐवजी वाख घालते. वाख म्हणजे घायपाताच्या पानातून निघतो तो, ज्याचे दोर वळतात. कोरं सिमेंट ओझं पेलतं, पण वाकवलं की काडीसारखं मोडतं. आत वाख असला की तडा गेल्यावरही वाख दोन्ही बाजू धरून ठेवतो. त्या धरून ठेवण्याला ती चिवटपणा म्हणते. तो किती आहे ते मोजायचं, यावर तिची पीएचडी चालली आहे. डोंगरात चार महिने पाऊस पडतो, तिथं लोखंड गंजून सिमेंट आतून फोडतं, म्हणून हा खटाटोप.

एप्रिल संपता संपता तिचा फोन आला. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला एका वाडीत ओढ्यावर साकव, म्हणजे पायी जायचा लहान पूल, करायचा होता. गेल्या वर्षी तिनं वाडीतल्या बायकांकडून वाखाच्या लहान पट्ट्या करून घेतल्या, यंत्रावर मोडून बघितल्या, फार चांगल्या निघाल्या. हिनं सांगितलं, करा मोठ्या. त्यांनी तीन मोठ्या फळ्या ओतल्या. आता तिचे गाइड म्हणत होते, लहान पट्टीवरून मोठीचं काही सांगता येत नाही, एक पूर्ण आकाराची मोडून बघितल्याशिवाय माणसं चालू द्यायची नाहीत.

"तीनच आहेत गं मावशी. तिन्ही लागणार आहेत. आणि मी जाऊन सांगायचं, एक मोडू द्या म्हणून. मला एकटीला जाववत नाही. तू चल."

मी गेले.

नारायणगाव आणि जुन्नर

नारायणगावच्या जवळ एका कॉलेजात मेघनाचं मोडायचं यंत्र आहे. बाहेर रस्त्यावर टोमॅटोच्या क्रेटांच्या भिंती लागलेल्या, गाड्या उलट्या-सुलट्या घुसलेल्या, आणि आत आल्यावर एकदम पंख्याचा आवाज. आमच्याकडे ज्वारीचं खळं असतं तेव्हा धूळ उडते, इथं पायाखाली टोमॅटोचा लाल चिखल असतो, एवढा फरक.

मेघनानं मला एक लहान पट्टी दाखवली. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, एक बोट जाड. दोन टोकं टेकवली आणि यंत्रानं मधे दाब दिला. बारीकसा टच् असा आवाज झाला, तडा दिसला, आणि मला वाटलं संपलं. पण पट्टी पडेना. हळूहळू वाकत गेली. पहिल्या तड्याच्या शेजारी दुसरा, तिसरा, केसासारखे तडे. त्यातून वाखाचे धागे दिसत होते, ताणलेले. यंत्र चालवणारे भाऊ खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "ही लवकर सोडत नाय. मी जेवून येतो, मग आवाज द्या." आणि खरंच डबा घेऊन गेले. पाऊण तासानं आले तेव्हा पट्टी धनुष्यासारखी झालेली, पण एकसंध होती.

मी म्हटलं, याचा साचा बघू. साचा जेमतेम दोन बोटं रुंद. माझ्या मनात आलं ते आवारातलं. लहान कुंडी हातातून सुटली तरी बहुतेक वेळा नुसती घरंगळते, तोच माल घालून केलेली गव्हाण ट्रकमधून उतरवताना जरा टेकली की तडकते. वीस वर्षं मी त्याचा दोष उतरवणाऱ्या माणसांना दिला. मेघनाला ते ठाऊक होतं म्हणून तर आम्ही निघालो होतो.

मुक्काम जुन्नरला मेघनाच्या मैत्रिणीच्या आईकडे. त्यांनी मासवडी केली होती. मासवडी आमच्याकडेही होते, पण आमची जरा हलक्या हाताची. इथली तिखटजाळ रस्सा आणि आत तीळ-खोबऱ्याचं सारण ठासून भरलेलं. मी दोन वाट्या रस्सा घेतला आणि मग नाक पुसत बसले.

"पावणं, तिखट लागलं का?" त्या म्हणाल्या.

"नाही, चांगलं झालंय."

"मंग डोळ्यात पाणी कशाचं? बार्शीची आठवण आली व्हय?"

जेवण झाल्यावर मी अंगणात शतपावलीला निघाले तर त्यांनी दाराची कडी लावून घेतली. परसातल्या उसात बिबट्या येऊन बसतो, म्हणाल्या, दिवस मावळला की आम्ही बाहेर जात नाही. हे त्यांनी, मांजर दूध पिऊन जातं म्हणून झाकण ठेवते, अशा सुरात सांगितलं आणि भांडी घासायला बसल्या.

ओझरला राहिलेली डबी

सकाळी ओझरच्या विघ्नहराला गेलो. नदीचं पाणी बांधलेलं, काठाला स्वच्छ घाट, गर्दी बेताची. मी हात जोडले आणि काय मागावं ते सुचेना. फळी टिकू दे म्हणावं तर मोडायला चाललो होतो.

बाहेर नारळ घेताना मेघनानं पिशवीतली एक डबी काढून फुलवालीच्या पाटावर ठेवली आणि ती तिथंच राहिली. त्यात वाकणं मोजायचं घड्याळ होतं, फळी केसभर खाली गेली तरी काटा हलतो असलं. हे लक्षात आलं घोडेगावच्या स्टँडवर. परतताना ते मिळालं. फुलवाली म्हणाली, "तुमचं साखर बगायचं मशीन ऱ्हायलं व्हतं, मावशी. मी दोनदा बोट लावलं, पर आकडाच येईना." पण पुढच्या चार दिवसांपुरते आम्ही घड्याळाविना होतो. मेघना एसटीच्या बाकावर कपाळाला हात लावून बसली. मी म्हटलं, दोरा ताणून बांधू आणि फूटपट्टी लावू. आवारात आम्ही हेच करायचो.

घोडेगाव ते डिंभे वडापच्या जिपमध्ये तिनं मला ते लहानमोठ्याचं समजावून दिलं. हातातली पातळ वही घेतली आणि जाडजूड फाईल घेतली. दोन्ही जरा जराशा उघडल्या, कोन तोच. वहीच्या कडा बोटभर लांब गेल्या, फाईलच्या कडा चांगल्या चार बोटं.

"तडा असाच उघडतो मावशी. फळी जाड असली की तेवढ्याच वाकण्याला तडा खालून जास्त उघडतो. पण वाख मी दोन्हीत सारख्याच लांबीचा कापते. लहान पट्टीत तो दोन्ही बाजू धरून राहतो. जाड फळीत त्याचं टोक आधीच सुटून येतं."

"मग वाख लांब घाल की."

"लांब घातला की कालवताना गोळे होतात."

शेजारी कोंबड्या घेऊन बसलेला माणूस मन लावून ऐकत होता. उतरताना तो मेघनाला म्हणाला, "ताई, फाईल जाड करू नका म्हंजे झालं."

वाडी

डिंभ्याचं पाणी मे महिन्यात खूप खाली गेलेलं असतं. काठावर तांबडी माती पट्ट्यापट्ट्यांनी उघडी पडते. रस्ता त्याच्या कडेकडेनं वर जातो. वाडीचं नाव मी लिहीत नाही, पंचवीस घरं आहेत. अंगणा-अंगणात हिरडा वाळत टाकलेला, त्याचा तुरट वास कपड्यांना लागतो तो घरी येईपर्यंत गेला नाही. बांधावर करवंदं पिकलेली. भाकरी नाचणीची, बरोबर हुलग्याचं कढण आणि भात. आमची ज्वारीची भाकरी मोडली की आवाज येतो, ही मऊ, हातात लवते. चहा सगळीकडे कोरा.

ज्यांनी फळ्या केल्या त्या यमुनाबाई पन्नाशीच्या आत-बाहेरच्या. चाकणकडे बांधकामावर बिगारी म्हणून गेल्या आणि गवंड्याचं काम बघून-बघून उचललं. माझ्यासारखंच. त्यांच्या हाताकडे बघून मी ओळखलं, सिमेंट नखांच्या कडा खातं. त्यांनीही माझे हात बघितले असावेत. पहिल्या दहा मिनिटांतच मला घेऊन फळ्यांकडे गेल्या.

तीन फळ्या आंब्याखाली, गोणपाटाखाली झाकलेल्या. सहा फूट लांब, दीड फूट रुंद, तीन इंच जाड. यमुनाबाईंनी गोणपाट उचलून हात फिरवला, आपण गाईच्या पाठीवर फिरवतो तसा.

"पाणी कुठून आणता?" मी विचारलं. विहीर कुठं दिसत नव्हती.

"त्या झऱ्यावरनं. धा मिन्टं जायला, वीस यायला. एका फळीला रोजच्या दोन खेपा. अट्ठावीस दिस मारलं."

एप्रिलच्या उन्हात, चढणीवर, डोक्यावर. बाकीचा हिशोब मी मनातच केला.

ओढा खाली शंभर पावलांवर. तेव्हा कोरडा होता, नुसते धोंडे. अठरा फूट रुंदी, मधे दगडाचे दोन खांब उभे केलेले. पलीकडे अकरा घरं, आणि त्यातलं तिसरं यमुनाबाईंचं माहेर. आई तिथं एकटी, ऐंशीच्या पुढची. भाऊ मंचरला बाजारात हमाल.

"हितनं हाक मारली तर ओ देती," यमुनाबाई म्हणाल्या. "पर पावसात पान्याचा आवाज असा की हाक बी जात नाय. चार म्हैने मी हितं नि ती तितं. ती कुडावर लुगडं वाळत घालती. दिसलं की म्हनायचं, हाय बरी."

"आणि नाही दिसलं तर?"

"मागल्या साली नऊ दिस न्हाई दिसलं. ताप व्हता. मी ह्या काठाला बसून ऱ्हायले." त्यांनी दगडावरचा पाचोळा पायानं बाजूला केला. "औंदा फळी पडायची म्हनून सांगितलंय तिला."

हे सांगून झाल्यावर मेघनाला तिचं बोलणं काढायचं होतं.

संध्याकाळी देवळापुढं सगळे जमले तेव्हा तिनं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, तेवढं बरं केलं. मग गेनूभाऊ म्हणून एक म्हातारे आहेत, खांब त्यांनी रचलेले, ते म्हणाले, "म्हंजे पूल चांगला हाय का बगायला पूल मोडायचा. आन चांगला निगाला, तर मंग जायाचं कशावरनं?"

लोक हसले. मेघना हसली नाही.

यमुनाबाई म्हणाल्या, "ताई, मागल्या साली पट्टीचा व्हिडीओ तुमीच दाखवला. वाकली पर पडली न्हाई. तुमी म्हनलात, चालंल."

"म्हणाले होते. ती चूक माझी आहे. मी लहान बघून मोठीचं सांगितलं."

"मंग अट्ठावीस दिसाचं पानी?"

यमुनाबाई उठून गेल्या.

कोणती मोडायची

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिरड्याच्या कडेला बसून दात घासत होते तेव्हा यमुनाबाई आल्या आणि सरळ म्हणाल्या, "मोडायची असंल तर मोडा. पर कंची?"

मेघना म्हणाली, चिठ्ठ्या टाकू. मी माझं शहाणपण चालवलं. कडेच्या फळीचा कोपरा साचा सोडवताना उडाला होता. म्हटलं, ती नाहीतरी अधू आहे, तीच घ्या, बाकीच्या दोन चांगल्या राहतील.

"न्हाई मावशी," यमुनाबाई म्हणाल्या. "ती मोडली तर तुमी म्हनाल, ती वंगाळच व्हती. मंग ह्या दोनींच्या भरवशावर आमी चालनार. मधली मोडा. ती म्या सगळ्यात चांगली वतली. ती टिकली न्हाई तर बाकीच्यांचं इचारायलाच नको."

मी चूळ भरली. चौदा वर्षं मी गिऱ्हाइकापुढे वजन ठेवून दाखवायला माल निवडत आले, आणि तो कसा निवडायचे ते मला ठाऊक आहे.

दोन मोठ्या दगडांवर फळी ठेवायला सहा माणसं लागली. खताच्या रिकाम्या गोण्यांत ओढ्यातली वाळू भरली. रेशनवाल्याचा लटकता काटा आणून प्रत्येक गोणी सारख्या वजनाची केली, मोठं माणूस दोन हातांनी जेमतेम उचलेल एवढी. फळीच्या दोन्ही टोकांवर दोरा ताणला आणि मधे मी फूटपट्टी धरून बसले.

एक, दोन, तीन. दोरा आणि फळी यांच्यात काही फरक नाही. चार, पाच. बायका पदर तोंडाला लावून उभ्या. गेनूभाऊ म्हणाले, "पाच गोन्या म्हंजे मी, माझी बायको आन सासू." कुणीतरी म्हणालं, "सासूच्याच तीन धर." सहावीला फूटपट्टीवर नखभर फरक दिसला. सातवीला तेवढाच राहिला. आठवी ठेवली, माणसानं हात काढून घेतला, आणि मी आकडा वाचायला तोंड उघडलं तोवर फळी खाली होती. आवाज मोठा नव्हता. पाटा जमिनीवर आपटतो तसा. दोन तुकडे, मधे चार-पाच धागे, तेही सुटले. गोण्या एकमेकींवर कलंडल्या.

नारायणगावची पट्टी पाऊण तास उभी होती.

मेघनानं वहीत लिहिलं आणि मग सगळ्यांना सांगितलं. तडा जायला जेवढं वजन लागायला हवं होतं तेवढं लागलं, त्यात फळी कमी पडली नाही. तडा गेल्यावर जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. लहान पट्टीनं सांगून-सवरून वेळ दिला, हिनं दिला नाही.

"यंत्रावर ठेवली असती तर थोडी अजून टिकली असती," ती मला हळूच म्हणाली. "फळी दबली की यंत्राचा जोर कमी होतो. गोण्यांचा होत नाही."

गेनूभाऊंचे कान तिखट. "म्हशीचा बी न्हाई व्हत, ताई. तिला कोन सांगनार, सातव्या गोनीला थांब म्हून."

यमुनाबाई तोवर तुकड्यांपाशी उकिडव्या बसल्या होत्या. मोडलेल्या तोंडावर बोट फिरवत होत्या. मीही जाऊन बसले. वाख दिसत होता, पण कुठं आडवा, कुठं उभा, आणि एका जागी लिंबाएवढा गोळा, त्याच्यात सिमेंट पोचलेलंच नाही.

"हितं गुतवळ झालंय," त्या म्हणाल्या. "लहान पट्टीत असं न्हवतं."

"तिथं कसा घातला होता?"

"हातानं. दोर वळताना वाख इंचरून सरळ करतो तसा केला, आन एकेक बट लांबीनं टाकली. थोडा माल, मंग बट, मंग माल. एवढीशी पट्टी, तिला कोन फावड्यानं कालवतंय? मोठीला समदं एकदम पत्र्यावर टाकून फावड्यानं कालवलं."

मेघना मागे उभी होती. तिला हे ठाऊकच नव्हतं. पट्ट्या तिच्याकडे तयार होऊन गेल्या होत्या आणि वहीत तिनं लिहिलं होतं, वाख मिसळलेला.

"मला सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"तुमी इचारलं न्हाई."

दोघीही रागावल्या नव्हत्या. मेघनानं खाली बसून तो गोळा पेन्सिलीनं उकरून काढला आणि कागदात बांधून घेतला. जाड फाईल आणि पातळ वही एवढंच नव्हतं तर. अरुंद साच्यात वाखाला फिरायला जागा नव्हती आणि वर यमुनाबाईंनी तो विंचरून लांबीनं घातला होता. म्हणजे त्या लहान पट्टीचं आणि या फळीचं सिमेंट एक, वाख एक, करणारा हात एक, पण वस्तू एक नव्हती.

गाळा लहान

दुपारी ओढ्यातल्या सावलीच्या बाजूला बसून ठरवाठरव झाली. मेघनाचं म्हणणं, फळी पातळ पाहिजे म्हणजे तडा कमी उघडेल. यमुनाबाईंचं म्हणणं, वाख हातानंच थर देऊन घालीन, पण सहा फूट लांब फळीला तेवढं करायचं तर माल आधीच आवळून घट्ट होतो. मी म्हटलं, मग गाळाच, म्हणजे दोन खांबांमधलं अंतरच, लहान करा. चौकटीवरची फळी दार अरुंद असलं की पातळ चालते. मधे आणखी तीन खांब उभे करा, सहाचे तीन-तीन फूट होतील, आणि जाडी तीनाची दोन इंच.

गेनूभाऊंना खांब पसंत नव्हते. "खांब वाढले की पुरात काटक्या अडकतील, पानी तुंबंल."

"मग काढायच्या," यमुनाबाई म्हणाल्या.

"कोन काढनार?"

"तुमी. तुमाला घरात तरी कोन बसू देतंय?"

ते हसले नाहीत, पण संध्याकाळी पाहिलं तर ओढ्यात दोरी धरून खांबाची जागा आखत होते.

तारखा मोजल्या. अठ्ठावीस दिवस धरले तर जूनचा पहिला आठवडा. पाऊस वेळेवर आला तर हातात दोन-चार दिवस, लवकर आला तर काहीच नाही. आणि पुन्हा पाणी, पुन्हा खेपा. यमुनाबाईंबरोबरच्या पाच जणींपैकी दोघी म्हणाल्या, आता हिरडा गोळा करायचे दिवस आहेत, जमणार नाही. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. यमुनाबाई धरून चौघी राहिल्या.

उरलेल्या दोन मोठ्या फळ्यांचं काय करायचं म्हणून मी विचारलं. यमुनाबाई म्हणाल्या, झऱ्यावर नेऊन सपाट जमिनीवर टाकायच्या, हंडे ठेवायला चिखल नको. तिथं वाकायचा प्रश्न नाही.

तिसऱ्या दिवशी ओतायला बसलो. लहानपणी केस विंचरायची ती लाकडी फणी एकीनं आणली आणि वाख विंचरला. जुने तीन साचे मधे फळकूट घालून दुभागले, सहा घरं झाली. माल मी कालवला. मेघना म्हणाली, मावशी तू बस, पण माझ्यानं बसवेना. बोटभर माल, त्यावर वाखाच्या बटा लांबीनं, हातानं दाबायच्या, पुन्हा माल. आमच्याकडे असलं काम करताना बायका गाणी म्हणत नाहीत, रेडिओ लावतात. इथं रेडिओही नव्हता. कोण कुणाच्या सुनेला काय म्हणालं एवढंच चाललं होतं, आणि ते मला चार तासांत इतकं पाठ झालं की निघताना त्या सुनेला भेटावंसं वाटलं.

सहा भरून झाल्या. मी हात धुवायला उठले तर यमुनाबाई गोठ्यातून गव्हाणीच्या दोन फळ्या उपसून घेऊन आल्या आणि जमिनीवर खिळे मारून सातवा साचा करायला लागल्या. तेवढ्याच मापाचा, दोरीनं मोजून.

"सहाच लागतात ना?" मी म्हटलं.

"ही मोडायची," त्या म्हणाल्या.

सातवीला थोडं कमी पाणी मारलं तरी चालेल, खेपा वाचतील, असं काहीतरी मेघना म्हणाली असती तर मला नवल वाटलं नसतं. ती म्हणाली नाही. मीच म्हणाले, वयाचा फायदा घेऊन. यमुनाबाईंनी साच्यातला माल थापीनं सारखा केला.

"न्हाई. हिलाबी तेवढंच पानी. हिला कमी पाजलं तर बाकीच्यांचं खरं कसं कळंल?"

आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो. येताना ओझरची डबी घेतली, आणि मी बार्शीला आले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मेघना एकटीच गेली. तीन दिवस तिचा फोन लागेना. इकडे आभाळ रोज संध्याकाळी भरून यायचं आणि मी गच्चीवर जाऊन पश्चिमेला बघायचे, जसं काही तिथून आंबेगाव दिसतं. चौथ्या दिवशी तिच्या फोनवरून यमुनाबाईच बोलल्या.

"मोडली का?" मी विचारलं.

"मोडायला लागली परवा सकाळी. तडा गेला आठव्या गोनीलाच. पर मंग पडंना. वाकती नि ऱ्हाती, वाकती नि ऱ्हाती. नववी ठिवली. मंग गेनूभाऊ म्हनले मी बसतो, तर ताईंनी बसू दिलं न्हाई. दोऱ्यात नि फळीत दोन बोटं फट पडली, कोनाला बी लांबनं दिसंल अशी. समदे च्या पिऊन आले तरी उभीच. धावीला बसली खाली, ती बी हळू."

"आणि बाकीच्या?"

"टाकल्या की. काल. म्हशीला बंदी हाय, ताईंनी पाटीच लिवलीया. परवापासनं वर पाऊस धरलाय, वड्याला गुडघाभर पानी आलंय."

मी विचारलं, आईकडे जाऊन आलात का.

"आली की. तिसऱ्यांदा आली आज."

"काय म्हणाल्या?"

"काय म्हननार. म्हनली, तू अशी रोज यायला लागलीस तर माझी साखर श्रावणापस्तोर पुरायची न्हाई."